१ जुलै १८६५ : जळगावची उलटी मोजणी

शनिवार, १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईत मुदतीच्या असंख्य सौद्यांची तारीख भरणार होती आणि ते पुरे करायला पैसा कुणाकडेच नव्हता. ही गोष्ट आजवर मुंबईची म्हणूनच सांगितली गेली. त्यात कापसाचे नि शेअरांचे दलाल प्रेमचंद रायचंद असतात, बॅक बे कंपनीचे शेअर असतात, बँक ऑफ बॉम्बेचं दिवाळं असतं. पण हा सगळा डोलारा ज्या कापसावर उभा होता तो मुंबईत पिकत नव्हता. त्यातला बराचसा गिरणा-तापीच्या काठच्या काळ्या जमिनीत पिकत होता. तो जिथे गोळा होऊ लागला ते गाव म्हणजे नसिराबाद तालुक्यातलं जळगाव.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे त्याच सुमारास चांदी सापडली की चार तंबूंच्या जागी शहर उठत होतं. जळगावला खाण नव्हती. पण रेल्वे आणि तेजी या दोन्ही गोष्टी त्याच्या दारात एकाच वेळी आल्या आणि घात झाला तोही त्याच चार वर्षांत. तो कसकसा जवळ येत गेला, त्याचा हा घटनाक्रम.

१२ एप्रिल १८६१, पहाटे ४.३०, चार्ल्सटन
*उरले : ४ वर्षे, २ महिने, १९ दिवस*

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी फोर्ट समटर हा किल्ला आहे. त्यावर बंडखोर राज्यांनी तोफा डागल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटलं. सूर्याच्या हिशेबाने जळगावात तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. पाडवा नुकताच होऊन गेलेला. रब्बीचा माल घरात, रानं उन्हात तापायला मोकळी.

आठवड्याभरात, १९ एप्रिलला, अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. खानदेशचं नशीब पालटलं ते या हुकमाने. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस याच बंदरांमधून येत होता. ती बंद झाली की गिरणीमालकांना दुसरा कापूस शोधणं भागच होतं आणि तो मोठ्या प्रमाणात मिळण्यासारखी जागा होती हिंदुस्थान.

त्या वेळी जळगाव कुणाच्या नजरेत भरण्याजोगं नव्हतं. जिल्ह्याचं ठाणं होतं धुळं. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जने ते निवडलं होतं. व्यापाराची जुनी नावं म्हणजे एरंडोल, पारोळा, धरणगाव. धरणगावला तर सतराव्या शतकातच इंग्रजांची वखार होती. जळगाव या यादीत बसत नव्हतं. ते यादीत येणार होतं रुळांमुळे.

डिसेंबर १८६२, लँकेशायर
*उरले : अडीच वर्षांहून थोडे अधिक*

नाकेबंदीचा फास एकदम बसला नाही. १८६० चं अमेरिकन पीक भरघोस आलं होतं आणि गिरण्यांकडे साठा होता. तो संपेपर्यंत दीड वर्ष गेलं. मग मात्र हलाखी आली. १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. गिरण्यांची धुराडी थंड आणि कापसाचा भाव दर महिन्याला वर.

या उपासमारीची वार्ता मुंबईला भावाच्या रूपाने पोचली. परदेशी टपालाची आगबोट बंदरात शिरायच्या आत लिव्हरपूलचा भाव कळावा म्हणून प्रेमचंद रायचंदची माणसं लहान होड्यांतून समुद्रात पुढे जात, असं सांगतात. बातमी दोन-चार तास आधी हाती पडली तरी तेवढ्या वेळात लाखाचा सौदा होई.

मुंबईपासून जळगावला पुढे निरोप जायचा तो दलालांच्या आणि सावकारांच्या साखळीतून. शेतकऱ्यापर्यंत बातमी अशी यायची की यंदा वाणी जास्त भाव बोलतोय. का बोलतोय, ते वाण्यालाही पुरतं ठाऊक नसे.

१८६३, थळ घाटाच्या वर आणि खाली
*उरली : २ वर्षे*

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्याला आता दहा वर्षं झाली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८६१ च्या सुरुवातीला कसाऱ्यापर्यंत पोचली होती. घाटाच्या वर नाशिककडून खानदेशाच्या दिशेने रूळ पडत चालले होते. मधला घाटच काय तो बाकी होता.

हे 'मधला घाटच' म्हणणं कागदावर सोपं आहे. कसारा ते इगतपुरी हे अंतर जेमतेम सव्वानऊ मैलांचं, पण त्यात ९७२ फूट चढायचं होतं. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, तेरा बोगदे, दऱ्यांवरचे पूल. हा मार्ग आखणारा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली १८६२ मध्ये वारला. गाडी घाट चढलेली त्याने पाहिलीच नाही.

तोवर खानदेशी कापसाचा प्रवास तुकड्यातुकड्यांनी चालला. शेतातून गावात बैलगाडी, गावातून जिथवर रूळ झाले असतील त्या ठेसनापर्यंत पुन्हा बैलगाडी. रेल्वेने इगतपुरी, तिथे माल उतरवायचा, घाट उतरायला पुन्हा गाड्या आणि बैल, खाली परत रेल्वेत भरणी. प्रत्येक उतरवणीत बोदातून रुई सांडायची, भिजायची, तिला माती लागायची. मुळात रुई फुगीर. चांगली दाबल्याशिवाय वाघिणीत वजन भरत नाही, जागाच भरते. त्यामुळे ठेसनाजवळ कापूस दाबायचे प्रेस हवे झाले, आणि प्रेस जिथे उभा राहतो तिथे दलाल, हमाल, गाडीवान, चहूबाजूचा माल हे सगळं ओघाने येतं. मुंबईपासून रेल्वेने २६१ मैलांवरच्या जळगावात हेच घडत होतं. गिरणेच्या खोऱ्यातला कापूस जुन्या पेठांना वळसा घालून रुळांकडे निघाला.

१८६३, मुंबई सरकारचा कायदा
*उरली : साधारण २ वर्षे*

भाव चढला की मालात भेसळ शिरते. खानदेशात ती शिरलीच. वजन वाढावं म्हणून रुईवर पाणी शिंपडणं, बोदाच्या पोटात सरकी, माती, दगड भरणं, चांगला माल वर आणि जुनाट माल आत, हे सर्रास चाललं. मुंबईहून गेलेली गाठ लँकेशायरात फोडली की आत काय निघेल याचा नेम नसे. तिथल्या कामगारांना हा आखूड धाग्याचा कापूस आधीच नकोसा होता. तो यंत्रावर सारखा तुटायचा आणि कामगाराची मजुरी बुडायची.

१८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातली लबाडी रोखायला स्वतंत्र कायदा केला आणि निरीक्षक नेमले. खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी वाणच बदलायचं मनावर घेतलं आणि वऱ्हाडाकडच्या हिंगणघाट कापसाचं बी जिल्ह्यात पसरवलं.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बी बदलणं, निरीक्षक नेमणं, प्रेस उभारणं, ही सगळी लांब मुदतीची कामं. सरकार आणि कंपन्या ती करत होत्या त्या अर्थी त्यांनी धरूनच चालवलं होतं की ही गिऱ्हाइकी टिकणार. ती आणलेली असते युद्धाने, आणि युद्ध संपतं, हे गणित कुणी मांडलं नाही.

उन्हाळा १८६४, तेजीचा कळस
*उरले : १ वर्ष*

युद्धापूर्वीच्या तुलनेत लिव्हरपूलला हिंदुस्थानी कापसाचा भाव चौपटीच्या घरात गेला होता. १८६१ ते १८६५ या पाच वर्षांत मुंबई इलाख्याला कापसापोटी नेहमीपेक्षा सात-साडेसात कोटी पौंड जास्तीचे मिळाले, असा पुढे हिशेब झाला. त्या वेळचा पौंड दहा रुपयांचा होता.

एवढा पैसा खेड्यात उतरल्यावर काय होतं? जमिनीचा सारा थेट चांदीच्या नाण्यांत भरला गेला. सावकाराचं जुनं देणं फिटलं. बायकांच्या अंगावर दागिने आले. काही शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, असं तेव्हापासून सांगितलं जातं. चांदीची धाव खडकाळ वाटेवर किती दिवस टिकेल, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावं. पण असली गोष्ट लोकांना खरी वाटावी, असा तो काळ होता खास.

जळगाव या काळात कापसाची मोठी पेठ झालं. सरकारी नोंदींत पुढे त्याचं वर्णन आलं ते याच शब्दांत : अमेरिकन युद्धाच्या काळातलं कापसाचं मोठं केंद्र.

मात्र चढत्या भावासोबत आणखी एक गोष्ट गावात मुरत होती. तिचं नाव पत. ज्या शेतकऱ्याला सावकार पूर्वी वीस रुपये द्यायला मागेपुढे पाहायचा, त्याला आता शंभर सहज मिळत. तारण म्हणून जमीन होती, आणि जमिनीची किंमत कापसाच्या भावाने ठरत होती. पेठेत रोखीइतकीच उधारीही वाढत होती, आणि दोन्हींचा पाया तो एकच भाव होता.

१ जानेवारी १८६५, थळ घाट
*उरले : १८१ दिवस*

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कसारा ते इगतपुरी हा घाटाचा टप्पा वाहतुकीला खुला झाला. आता जळगावात वाघिणीत भरलेली गाठ मुंबई बंदरात जाऊनच उतरायची. चार वर्षं ज्या दुव्यासाठी सगळे खोळंबले होते, तो जोडला गेला.

त्याच महिन्यात मुंबईत काय होतं, ते पाहा. ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस-प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या. यांतल्या बहुतेक गेल्या दोन-तीन वर्षांत जन्मलेल्या. कापसाच्या नफ्याला जायला जागा नव्हती म्हणून त्याने स्वतःसाठी कंपन्या काढल्या होत्या. समुद्र हटवून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला. हे शेअर तारण ठेवून लोक कर्ज काढत आणि त्या कर्जाने आणखी शेअर घेत.

जळगावला ज्या दिवशी मुंबई सलग रुळांनी जोडली गेली, त्या दिवसापासून बरोबर सहा महिन्यांवर १ जुलै होता. रेल्वे वेळेवर पोचली असती, म्हणजे १८६१-६२ मध्येच घाट पुरा झाला असता, तर वाहतुकीत आणि सांडलवंडीत गेलेला पैसा तरी खानदेशात राहिला असता.

३ फेब्रुवारी १८६५, हॅम्प्टन रोड्स
*उरले : १४८ दिवस*

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर एका आगबोटीत लिंकन आणि दक्षिणेचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. तह झाला नाही. पण युद्ध संपण्याची बोलणी होऊ शकतात एवढ्यानेही कापसाचा बाजार हबकायचा. मागच्या सप्टेंबरात तहाच्या नुसत्या वावड्यांनी लिव्हरपूलला भाव कोसळून काही पेढ्या बुडाल्या होत्या. तो इशारा होता. मुंबईने तो वाचला आणि वेचणीच्या हंगामात पुन्हा खरेदी सुरू केली.

खानदेशातली ही वेचणी दिवाळीच्या सुमाराला लागते आणि पुढे काही महिने चालते. म्हणजे फेब्रुवारीत जळगावात गाठी बांधल्या जात होत्या त्या १८६४ च्या पावसाळ्यात पेरलेल्या कापसाच्या, आणि खरेदी झाली होती ती तेजीच्या भावाने. सुएझचा कालवा तेव्हा खोदणं चालू होतं. तो खुला व्हायला अजून चार वर्षांहून अधिक काळ होता. माल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जाई. मुंबई ते लिव्हरपूल तीन-चार महिने सहज.

फेब्रुवारीत निघालेली गाठ मे-जूनमध्ये लिव्हरपूलला लागणार होती.

९ एप्रिल १८६५, दुपार, अ‍ॅपोमॅटॉक्स
*उरले : ८३ दिवस*

व्हर्जिनियातल्या या खेड्यात एका घराच्या दिवाणखान्यात दक्षिणेच्या जनरल ली याने उत्तरेच्या जनरल ग्रँटपुढे शरणागतीच्या कागदावर सही केली. तिथे दुपारचे तीन वाजून गेले होते. जळगावात मध्यरात्र उलटली होती.

युद्ध संपलं म्हणून दुसऱ्या दिवशी अमेरिकन कापूस बाजारात येणार नव्हता. दक्षिणेची रानं उजाड होती, गुलामगिरी मोडली होती, रेल्वे उखडल्या होत्या. पण बाजार आजच्या मालाचा भाव ठरवतो तो उद्याच्या अंदाजाने. दक्षिणेच्या गोदामांत अडकून पडलेला चार वर्षांचा कापूस आता सुटणार, एवढा अंदाज पुरेसा होता.

२६ एप्रिल १८६५, लंडन
*उरले : ६६ दिवस*

लिंकन यांच्यावर १४ एप्रिलच्या रात्री गोळी झाडली गेली. ही बातमी लंडनला कळली २६ तारखेला. अटलांटिकच्या तळाशी चालू तार अजून नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. अमेरिकेची बातमी जहाजाने येई आणि तिला बारा दिवस लागत.

पण लंडनच्या पुढे चित्र निराळं होतं. १८६४ मध्ये इराणच्या आखातात तार टाकली गेली होती आणि १८६५ च्या सुरुवातीपासून लंडनचा संदेश तुर्कस्तान-इराणमार्गे कराचीला आणि तिथून मुंबईला येऊ लागला होता. संदेश अडखळत, चुका होत यायचा, पण आठवड्यांऐवजी दिवसांत यायचा. ही सोय व्हायला आणि युद्ध संपायला एकच गाठ पडली.

आता सगळे वेग एकमेकांपुढे मांडून पाहा. बातमी तारेने काही दिवसांत आली. घाट झाल्यामुळे गाठ रेल्वेने एक-दोन दिवसांत मुंबईला पोचू लागली. जहाजाला तीन-चार महिने लागायचे. आणि कापसाचं झाड? ते पेरणीपासून पहिल्या वेचणीपर्यंत पाच महिने घेतं, तार आली म्हणून लवकर फुटत नाही. ज्याच्या हाती तार होती तो सकाळी विकून मोकळा होऊ शकत होता. गाठी दर्यावर असलेल्या व्यापाऱ्याला तेवढं सोपं नव्हतं. ज्याचं सगळं काळ्या मातीत होतं त्याला तर हलताच येत नव्हतं.

मे १८६५, मुंबई
*उरले : दोन महिन्यांहून कमी*

पहिली मोठी पेढी बुडाली ती बेहरामजी होर्मसजी कामा यांची. देणी कोट्यवधींची. एक पेढी बुडाली की तिच्याकडून येणं असलेल्या दहा पेढ्या अडचणीत येतात, आणि त्या दहांनी ज्यांना शब्द दिलेला असतो ते शंभर. मुंबईत कुणाचं कुणाकडे किती, याचा पत्ता लागेना. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच तारीख होती : १ जुलै.

जळगावात भाव उतरला. मे महिना हा खानदेशात तसाही हिशेबाचा. माल विकून झालेला असतो, लग्नं लागत असतात, सावकाराचं खातं पुरं करून पुढच्या हंगामासाठी नवं उचलायचं असतं. ज्याने कापूस आधीच विकून टाकला होता तो बचावला. भाव आणखी चढेल म्हणून ज्याने घरात साठवला होता, त्याच्या घरात आता निम्म्या मोलाची रास होती.

जून १८६५, मृगाची पेरणी
*उरले : सुमारे ३ आठवडे*

मृगाचा पाऊस झाला की वखरलेल्या रानात पाभर धरायची. या वर्षी काय पेरायचं, हा प्रश्न खानदेशात त्या महिन्यात घरोघर पडला असणार. ज्वारी-बाजरी पेरली तर घरात दाणे येतील, पण रोकड येणार नाही. कापूस पेरला तर रोकड येईल, किती ते परमेश्वर जाणे. आणि रोकड तर हवीच होती, कारण चार वर्षांत घेतलेली उचल रुपयांत फेडायची होती.

घबराटीत कापसाचा पेरा एकदम मोडला नाही, यात नवल नाही. एक तर भाव युद्धाआधीच्या पातळीवर अजून आला नव्हता. दुसरं, ज्याच्या डोक्यावर देणं असतं तो पीक निवडत नाही. त्याच्यासाठी ते देणंच निवडतं.

३० जून १८६५
*उरले : २४ तास*

१ जुलैला नेमकं काय होणार होतं, हे एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, मार्चमध्ये तुम्ही माझ्याकडून एक शेअर पंचेचाळीस हजारांना घ्यायचं कबूल केलं. माल आणि पैसे यांची देवघेव १ जुलैला. आज हातात काहीच द्यायचं नाही, फक्त शब्द. जुलैपर्यंत तो शेअर पन्नास हजारांवर गेला तर तुम्ही मधले पाच हजार खिशात घालणार. तुमच्याकडे पंचेचाळीस हजार असण्याची गरजच नाही, भाव चढला म्हणजे झालं. मीही तो शेअर तिसऱ्याकडून त्याच तारखेला घ्यायचं ठरवलेलं असतं. तिसऱ्याने चौथ्याकडून.

भाव चढता आहे तोवर या साखळीतला प्रत्येक जण श्रीमंत असतो. भाव उतरला की सगळ्यांची नजर पहिल्या माणसाकडे वळते आणि तो दाराला कुलूप लावून गेलेला असतो.

१ जुलै १८६५, शनिवार
*उरले : ०*

सौदे पुरे झाले नाहीत. ज्यांनी घ्यायचं कबूल केलं होतं त्यांच्याकडे पैसे नव्हते, ज्यांनी द्यायचं कबूल केलं होतं त्यांच्या शेअरांना गिऱ्हाईक नव्हतं. २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. जमीन कंपन्या, वित्तसंस्था, काल-परवा निघालेल्या बँका एकामागोमाग आडव्या झाल्या. तो काळ तरुणपणी पाहिलेले दिनशा वाच्छा यांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिलं.

आषाढी एकादशी दोन-चार दिवसांवर आली होती. खानदेशात पेरण्या उरकत होत्या. जळगावात त्या दिवशी काही कोसळलं नाही, गाड्या आल्या-गेल्या. पण ज्या मुंबईच्या पेढ्यांच्या पैशावर इथले खरेदीदार उभे होते, त्यांची पतच संपली होती. येत्या हंगामात कापूस पेठेत येईल तेव्हा तो घ्यायला रोख पैसा कोण आणणार, हा प्रश्न १ जुलैने जळगावच्या पुढ्यात टाकला.

नंतर

*+ ६ महिने.* गंमत अशी की १८६५ संपता संपता लिव्हरपूलचा भाव पुन्हा वर सरकला. अमेरिकेतून अपेक्षेइतका कापूस आला नाही. पण त्याचा लाभ घ्यायला मुंबईत हाती भांडवल असलेली माणसं फार उरली नव्हती.

*+ १० महिने.* ११ मे १८६६ च्या आसपास लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही बडी पेढी बुडाली आणि हिंदुस्थानाशी व्यवहार करणाऱ्या बँकाही तिच्यामागे कोसळल्या. उरलेसुरलेही गेले. त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं वाजलं.

*+ ३ वर्षे.* बँक ऑफ बॉम्बे गुंडाळून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ असलेली मुंबईची वस्ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ वर आली.

*+ ५ वर्षे.* जळगावला भाव पडल्याचा जबर फटका बसला, असं सरकारी नोंदी सांगतात आणि लगेच पुढच्या वाक्यात ते सावरल्याचंही सांगतात. ते सावरलं याचं कारण रूळ. १८६७ मध्ये एक फाटा नागपूरला पोचला. १८७० मध्ये भुसावळ-खांडव्यावरून जाणारा मार्ग जबलपूरला जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता वाट जळगाववरून जाऊ लागली. त्याआधीच, १८६९ अखेरीस, खुल्या झालेल्या सुएझने जहाजाचे महिने आठवड्यांवर आणले.

*+ ९ वर्षे.* १८७४ च्या सुमाराला जळगावात खानदेश मिल उभी राहिली. आता सगळाच कापूस बाहेर जाणार नव्हता, काही गावातच कातला जाणार होता. कलेक्टर पोलन यांच्या नावाची पोलन पेठ वसली. मेहरूण तलावाचं पाणी नळाने गावात आलं.

*+ ३५ वर्षे.* धुळ्याला रेल्वे पोचली १९०० मध्ये, तीही चाळीसगावहून एका फाट्याने. जिल्ह्याचं ठाणं असूनही ते मुख्य मार्गाच्या बाहेर राहिलं. १९०१ च्या गणतीत जळगावची वस्ती सोळा हजारांच्या पुढे होती. १९०६ मध्ये खानदेशचे दोन तुकडे झाले आणि कालपर्यंतचं तालुक्यातलं गाव पूर्व खानदेशचं ठाणं झालं.

पेठ सावरली आणि मोठी झाली, पण तेजीत घेतलेलं कर्ज शेतकऱ्याच्या खात्यावर राहिलं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने कर्जाच्या कारणांत कापसाची तेजी आणि तिच्यापाठोपाठची मंदी यांचं नाव घेतलं. मुंबईच्या सट्टेबाजाला दिवाळखोरीचा कायदा होता. कोर्टात हात वर केले की तो सुटायचा. शेतकऱ्याच्या कर्जाला जमीन तारण होती.

त्या उलट्या मोजणीतले बाकीचे काटे आज बदलले आहेत. जळगावच्या व्यापाऱ्याला न्यूयॉर्कचा वायदा भाव मोबाइलवर दिसतो आणि शेतकऱ्यालाही दिसतो. गाठ दोन दिवसांत बंदरावर जाते. कपाशीला मात्र पूर्वीइतकेच महिने लागतात. जूनमध्ये पेरणाऱ्याला नोव्हेंबरातला भाव आजही ठाऊक नसतो. फरक एवढाच की सरकार आता खरिपाच्या तोंडावर हमीभाव जाहीर करतं, आणि तो हंगामात प्रत्यक्ष हातात पडतो की नाही यावर भांडण होतं. हे भांडण करायला तरी एक आकडा आहे. १८६५ च्या जूनमध्ये खानदेशात पाभर धरणाऱ्याकडे तोही नव्हता.